आत्याच्या रक्तातलं जस्त

आमच्या आत्याला कामाच्या ठिकाणी सगळे ‘जस्तबाई’ म्हणायचे. आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही असं ती घरी येऊन सांगायची. पण एखाद्या नव्या माणसानं नुसतं ‘बाई’ म्हणून हाक मारली की ती ऐकू न आल्यासारखी बसून राहायची, आणि थोड्याच दिवसांत तोही शहाणा होऊन जस्तबाई म्हणायला लागायचा. तिच्या मानपानाच्या कल्पना अशा उलट्या होत्या आणि त्यावरून तिला कुणी छेडलेलं खपायचं नाही. मी छेडायचे. मला माफ होतं, कारण मी तिची एकुलती एक भाची, आणि तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

ती मुलांच्या इस्पितळात रक्त तपासायची. इस्पितळाची मोठी इमारत पुढे रस्त्यावर, आणि मागे, कपडे धुण्याच्या खोल्यांना लागून एक बुटकं बैठं घर, तीच प्रयोगशाळा. आता तिथे गाड्या उभ्या करतात. परवा तिकडून जाताना मी उगीच थांबले, तर रखवालदारानं विचारलं, “गाडी काढायचीय का?” मी म्हटलं, नाही, माझ्या आत्याची खोली शोधतेय. त्यानं मला वेड्यात काढलं असणार. काढू दे. आत्या जाऊन आता बरेच दिवस झाले आणि तिच्याबद्दल वेड्यासारखं बोलायला मला फार कुणी उरलेलं नाही.

लहान मुलांच्या रक्तात लोह किती, कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती, हे सगळं ती मोजायची. पण तिचा खरा जीव जस्तावर, म्हणजे ज्याला आता सगळे झिंक म्हणतात त्याच्यावर. हे जस्त मोठं छळवादी. रक्तात ते असतं नखभरही नाही, आणि रक्ताच्या बाहेर मात्र जिथे बघाल तिथे. रबराच्या बुचात, हातमोज्यांच्या पावडरीत, पत्र्याच्या बादलीत, बाळांना लावायच्या मलमात, साध्या धुळीत. बाटलीला नको तो हात लागला की आकडा भलताच वर जाऊन बसतो. म्हणून आत्या बाटल्या अ‍ॅसिडात भिजत घालायची, पुन्हापुन्हा शुद्ध पाण्यानं विसळायची आणि झाकून ठेवायची. तोंडाला पावडर नाही, हाताला क्रीम नाही. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या आणि ती त्या अभिमानानं दाखवायची. ही खोड घरीही सुटेना. आईनं घासून ठेवलेला कप उचलायची, उजेडात धरायची आणि परत विसळायची.

“ताई, चहा प्यायचाय,” आई म्हणायची, “तपासायचा नाहीये.”

आई म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही चौघं एकाच घरात राहायचो. बाबा छापखान्यात, आत्या इस्पितळात, आणि आई पडद्यांच्या एका दुकानात मशीनवर. लोकांच्या खिडक्यांची मापं घेऊन ती पडदे शिवायची. रस्त्यानं चालताना मान वर करून एखादी खिडकी दाखवायची आणि म्हणायची, “तो निळा माझा.” तिला ते काम मनापासून आवडायचं.

आत्याच्या खोलीत मी पुढे शाळेत जायला लागल्यावर कितीदा तरी गेले. तिथला वास अजून माझ्या नाकात आहे, ओल्या काचेचा आणि जळक्या वायूचा. मधोमध एक लांबट यंत्र होतं. त्यात एक निळी ज्योत जळायची, एक बारीक नळी रक्ताचं पाणी शोषून ज्योतीत सोडायची आणि पलीकडे लाल आकडे नाचायला लागायचे. आकडे स्थिर होईपर्यंत आत्या श्वास रोखून धरायची. मी शेजारी उभी राहून तिच्याबरोबर श्वास रोखायचे आणि नेहमी आधी हरायचे.

आता मूळ गोष्ट. ती घडली तेव्हा मी जेमतेम तीन-चार वर्षांची होते, त्यामुळे त्यातलं बरंचसं मला आईनं आणि आत्यानं सांगितलेलं आहे. दोघी वेगवेगळं सांगायच्या आणि दुसरी खोटं बोलते असं दोघींचंही म्हणणं असायचं. दोघींचं जुळतं तेवढंच मी लिहिते आहे.

इस्पितळात एक डॉक्टरबाई होत्या. शांत, सावकाश बोलणाऱ्या. लहान मुलांना जोराचा ताप आला की त्यातल्या काहींना झटका येतो. डोळे फिरतात, हातपाय आखडतात, थरथरतात. बहुतेकदा दोन-चार मिनिटांत थांबतं, मूल रडत जागं होतं, आणि पुढे त्याचं काही बिघडत नाही. पण बघणाऱ्या आईला त्या घडीला हे कुणी सांगितलेलं नसतं. काही मुलांनाच असं का होतं, हा प्रश्न डॉक्टरबाईंच्या डोक्यात घर करून होता. जस्त मेंदूच्या कामात लागतं, तेव्हा या मुलांच्या रक्तात ते कमी असतं की काय, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी तीन गट केले. ताप आणि झटका आलेली मुलं, नुसता ताप आलेली मुलं आणि ठणठणीत मुलं. मोजायचं काम जस्तबाईंचं. बाटलीवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. आणि एक नियम कडक होता, की कुठलाही आकडा डॉक्टरबाईंच्या हाती जायच्या आधी कुणाला तोंडी सांगायचा नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी मला ताप चढला आणि झटका आला. आईची सुट्टी होती आणि घरात ती एकटीच होती. माझी दातखीळ बसेल म्हणून तिनं आपलं बोट माझ्या तोंडात घातलं आणि मी ते कडकडून चावले. इस्पितळात डॉक्टरबाई पहिल्यांदा त्या बोटावरूनच तिला रागावल्या. तोंडात काही म्हणजे काहीच घालायचं नसतं, मुलाला कुशीवर वळवायचं आणि जवळ थांबायचं. आईनं मान डोलावली, बोट पदरात लपवलं आणि कागदावर सही करून माझं रक्त तपासणीसाठी द्यायला होकार दिला.

त्या दिवशी झटका आलेलं मूल इस्पितळात एकच होतं. तेव्हा क्रमांक कितीही लपवला तरी बाटली कुणाची हे आत्याला न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. तिनं मोजलं. आकडा कमी आला. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. “ताई, काही सापडलं का?” एवढंच तिनं विचारलं. रोज दुसऱ्यांच्या मुलांचं रक्त मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या घरी हात हलवत जायचं जिवावर आलं.

“जस्त कमी आहे गं तिचं,” आत्या म्हणाली. “सापडलं म्हणायचं.”

तिला वाटलं, आपण धीर दिला. कारण कळलं म्हणजे उपाय आलाच. आई “बरं” म्हणाली आणि आत गेली.

आईच्या कानांनी मात्र भलतंच ऐकलं होतं. जस्त कमी, म्हणजे खाण्यातून कमी गेलं, म्हणजे आपण नीट खायला घातलं नाही. आपण लोकांच्या खिडक्या झाकत बसलो आणि पोर घरात उपाशी राहिली. हे तिला कुणी म्हणालं नव्हतं. बाबा तर म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांच्या तोंडून दिवसाला चार वाक्यं निघाली तरी खूप. पण आईनं स्वतःच खटला भरला आणि स्वतःच शिक्षा ठोठावली. तिनं दुकान सोडलं. कशात जस्त असतं हे आत्यालाच विचारून घेतलं, आणि आत्यानंही, देवा, मोठ्या हौसेनं भोपळ्याच्या बिया आणून दिल्या. त्यांची पूड करून आई ती माझ्या दुधात घालायला लागली. मला दुसरं काही आठवत नसलं तरी पेल्याच्या तळाशी बसलेला तो हिरवट गाळ आठवतो. “तळाचंच महत्त्वाचं आहे,” असं म्हणून ती तो चमच्यानं खरवडून भरवायची. मग अंडं. मग डाळ. मी पलंगाखाली जाऊन लपायचे आणि आई ताट घेऊन जमिनीवर आडवी व्हायची. मी ताट संपवलं तर तिचा दिवस चांगला. मी दोन घास टाकले तर ती स्वतः जेवायची नाही.

घरातलं हसणं बंद झालं. आत्याच्या कप विसळण्यावरसुद्धा आई काही बोलेना. आत्या पुढे म्हणायची, “तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

थोड्या दिवसांनी डॉक्टरबाईंनी सगळ्या मुलांना पुन्हा बोलावलं आणि बरं असताना रक्त घेतलं. माझा आकडा अगदी छान आला. आत्या या वेळी तोंड बंद ठेवून राहिली. डॉक्टरबाईंनीच आईला बोलावून सांगितलं. आईनं हात जोडले. तिच्या दृष्टीनं हे पुडीचं यश होतं.

आणि मग, एवढं जिवाचं रान करूनही, पुढच्या तापात मला पुन्हा झटका आला.

या खेपेला आईनं सगळं बरोबर केलं. मला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, रडलीसुद्धा नाही. आत्या धावत वॉर्डात पोहोचली तेव्हा मी झोपले होते आणि नर्स आईला समजावत होती, की काही मुलांना असे झटके परत येतात, घाबरू नका, मोठी झाली की आपोआप थांबतील. आई भिंतीकडे बघत म्हणाली, “तिला येत नाहीत हो. मी आणते.”

आत्या दारातच उभी राहिली. ते वाक्य आईच्या मनात कुठून आलं हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ती तडक डॉक्टरबाईंकडे गेली आणि आकडा आपण घरी सांगितला होता हे कबूल केलं. डॉक्टरबाई रागावल्या. मग म्हणाल्या, “जस्तबाई, ताप आला की शरीर रक्तातलं जस्त काढून यकृतात नेऊन ठेवतं. हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर आपण नुसत्या तापाच्या मुलांचाही गट ठेवला.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली. “त्या दिवशी माहीत नव्हतं.”

“झटक्याच्या मुलांचे आकडे तापाच्या मुलांपेक्षा थोडे आणखी खाली दिसतायत, हे खरं. त्यात काहीतरी संबंध असेल. पण त्यामुळेच झटका येतो असं मी म्हणणार नाही, आणि एका मुलाच्या तापातल्या आकड्यावरून तिच्या आईनं काय खायला घातलं हे तर कुणीच सांगू शकणार नाही. आमच्याच घरात माझ्या भावाला यायचे असे झटके. घराण्यातही असतं हे.”

शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण आत्याला म्हणाली, एवढं कशाला डोक्याला लावून घेतेस, सांगून टाक वहिनीला की बाटली खराब होती. आत्यानं त्यावरही विचार केला. पण बाटली खराब असली तर आकडा वर जातो, खाली येत नाही. “मला धड खोटंसुद्धा बोलता येईना,” असं ती पुढे सांगायची आणि हसायची. मला वाटतं, तिला बोलायचंच नव्हतं. ज्या गोष्टीसाठी तिनं बोटांना भेगा पाडून घेतल्या होत्या, तिच्याबद्दल खोटं तिच्यानं बोलवलं नसतं.

मग तिनं खरं ते सांगितलं. ताप आला की सगळ्यांचंच जस्त खाली जातं, तुझा काही दोष नाही. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “ताई, तुम्ही माझ्या समाधानासाठी सांगताय.” डॉक्टरबाईंनी सांगून बघितलं. बाबांनी तर सलग सहा वाक्यं बोलून बघितली. उपयोग शून्य. आई पूड दुप्पट करायला लागली. ती वाळली होती. रात्री उठून माझ्या कपाळाला हात लावायची, आणि दुकानाच्या मालकीणबाई घरी येऊन परत बोलावून गेल्या तर त्यांना म्हणाली, एकदा सोडलं ते सोडलं. पोर धडधाकट होती, आई मात्र हातची चालली होती, आणि तिला तिथे ढकलणारं वाक्य आत्याचं होतं.

शेवटी आत्यालाच ताप आला. चांगली फणफणली. आईनं तिला पडून राहायला सांगितलं तर ती उठली, शाल गुंडाळली आणि रजा असताना कामावर गेली. मैत्रिणीसमोर हात पुढे केला. म्हणाली, घे रक्त. यंत्र नीट चालतंय का ते बघायला तिथली माणसं अधूनमधून आपलंच रक्त लावायची, त्यामुळे आत्याचा नेहमीचा आकडा सगळ्यांना पाठ होता. मैत्रिणीनं ज्योत पेटवली. आत्या स्टुलावर कुडकुडत बसली होती आणि लाल आकडे नाचून नाचून थांबले. खाली आले होते. चांगलेच खाली.

तिनं घरी काही सांगितलं नाही. मन मारून ती बरी व्हायची वाट बघत राहिली. नेहमीसारखी जेवली, पूड घेतली नाही. अंगात ताकद आली तशी परत जाऊन रक्त दिलं. आकडा आपल्या जागी परत आलेला होता.

मग एका रविवारी दुपारी, बाबा मला घेऊन बाहेर गेलेले असताना, ती स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभी राहिली. आई भांडी घासत होती.

“अगं, मी कुणाच्या हातचं जेवते?” आत्यानं विचारलं.

“म्हणजे?”

“सांग ना. गेली इतकी वर्षं मी कुणाच्या हातचं जेवते?”

“माझ्या. आणखी कुणाच्या?”

“मला कमी वाढतेस?”

“काय बोलताय ताई?”

“परवाच्या तापात माझं जस्त तपासलं. पोरीसारखंच खाली गेलं होतं. काल परत तपासलं. वर आलंय. मी तुझी पूड खाल्ली नाही, अंडं जास्त खाल्लं नाही. ताप गेला आणि ते परत आलं. तिचंही तसंच आलं असणार. तू उपाशी नाही ठेवलंस गं तिला. तू कुणालाच उपाशी नाही ठेवलंस. मी नको ते, नको तेव्हा बोलले.”

आत्याची अशी कल्पना होती की आता आई गळ्यात पडेल. आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. नळ बंद केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं आत्याला अगंतुगं केलं.

“तुला काही वाटलं नाही?” ती म्हणाली. “बिया आणून दिल्यास मला. मी पलंगाखाली लोळत होते तिच्यामागे, तू बघत होतीस. माझं काम गेलं. पोरगी मला बघून लपते. तुला तोंड उघडायच्या आधी थोडा विचार करता आला नाही?”

“नाही आला,” आत्या म्हणाली.

“जा इथून.”

आत्या गेली. तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. तिथे बसून तिला आईचं रडणं ऐकू येत होतं, बराच वेळ, मोकळं. आणि ते ऐकताना आपल्याला किती बरं वाटलं हे ती मला सांगायची तेव्हा, माझी आत्या एरवी खडूस म्हणून प्रसिद्ध असली तरी, तिचे डोळे भरून यायचे. इतके दिवस आई फक्त स्वतःवर रागावत होती. आता तिला रागवायला दुसरं माणूस मिळालं होतं.

राग काही दिवस टिकला. ताट वाढलेलं असायचं, पण आत्याला हाक नसायची. बाबा जाऊन बोलावून आणायचे. पुडीचा डबा कधी नाहीसा झाला ते कुणालाच कळलं नाही. आत्यानं विचारलं नाही. तिनं फार मोठी शिस्त पाळली म्हणायची.

आणि हे पुढचं मला स्वतःला आठवतं, कुणी सांगितलेलं नाही. सकाळची वेळ होती. आत्याची सुट्टी होती आणि मी दारात बसून बाहुलीचे केस विंचरत होते. आई आतून आली ती चप्पल घालून, खांद्याला पिशवी, गळ्यात मापाची टेप. ती दारात थांबली आणि आत्याला हाक मारली.

“ताई, हिचं जेवण झाकून ठेवलंय,” ती म्हणाली. “जेवली तर जेवली. नाही जेवली तर मागे लागू नका.”

आत्या “बरं” म्हणाली. आई पायऱ्या उतरून निघून गेली. दुपारी मी अर्धं खाल्लं आणि उठले. आत्यानं माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि उरलेलं स्वतः खाल्लं.

संध्याकाळी आई परत आली. कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. तिनं मला मांडीवर घेतलं आणि आज मी काय काय खेळले ते सगळं विचारलं. जेवणाचं विचारलंच नाही.